उन्हाळ्यात किनाऱ्यावर काय पाहावं, कधी जावं आणि कॅमेरा कसा वापरावा

प्रश्न असा आला आहे: "एप्रिल आणि मे आम्ही गोव्यात मांद्र्याला माझ्या माहेरी राहणार आहोत. मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे. तिला पक्षी आणि समुद्रावरचे जीव पाहायची, त्यांचे फोटो काढायची आवड आहे. घरात एक जुना डीएसएलआर आणि ५५-२५० ची लेन्स आहे. पण सगळे म्हणतात, उन्हाळ्यात पक्षी निघून जातात, ऊन रखरखीत असतं, फोटो काही बरे येत नाहीत. मग दोन महिने तिने काय करावं?"

ताई, सगळे म्हणतात त्यातलं अर्धं खरं आहे. मेच्या सुरुवातीपर्यंत बरेचसे पाहुणे पक्षी निघून जातात. पण निघण्याआधी ते जे रूप घेतात ते डिसेंबरात येणाऱ्या माणसाला कधीच दिसत नाही. आणि ऊन रखरखीत असतं ते साडेनवानंतर. गेली बावीस वर्षं मी शापोरा नदीच्या मुखाजवळ, मोरजीच्या तेंबवाड्यापासून पलीकडच्या वागातोरच्या खडकांपर्यंतचा पट्टा फिरतो आहे. वर्षातले दोनच महिने फिरायला मिळतील असं कुणी म्हणालं तर मी एप्रिल-मे मागून घेईन.

तुम्ही कॅमेऱ्याबद्दल विचारलंत, लेन्सबद्दल लिहिलंत, उन्हाबद्दलही. पाण्याचा उल्लेख मात्र कुठेच नाही. बहुतेकांचं तिथेच चुकतं. किनाऱ्यावर कधी जायचं हे ऊन पाहून ठरवायचं नसतं, आधी पाणी पाहायचं. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात, आणि सुकती किती वाजता आहे हे ज्याला ठाऊक नाही तो महिनाभर रोज जाऊनही फारसं पाहत नाही.

घरात भिंतीवर दिनदर्शिका असेलच. त्यातली तिथी पाहा. जुन्या लोकांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईच्या बाजूला नीट बसतो. आमच्याकडे पाणी साधारण तासभर आधी भरतं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी सुकती, आणि हे सगळं रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकतं. नेमके आकडे मुरगाव बंदराच्या वेळापत्रकात मिळतात, ते मोबाइलवर सहज दिसतं. तरी तिथीचा हिशेब मुलीला शिकवाच. वेळापत्रक उघडायच्या आधीच तिला कळायला लागेल की आज पाणी कुठे असेल.

आता यातली खरी गंमत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, आणि ते एक-दोन दिवसांनी सगळ्यात मोठं होतं. उधाणात पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेमतेम मीटरभर. पौर्णिमेला सुकती पहाटे पाचच्या सुमाराला येते. मग द्वितीयेला साडेसहा, तृतीयेला सव्वासात-साडेसात, चतुर्थीला आठ. म्हणजे पाणी सगळ्यात खोल गेलेलं आणि सूर्य नुकताच वर आलेला, असे तीन दिवस दर पंधरवड्याला आपोआप मिळतात. हे तीन दिवस खडकांसाठी आणि ओल्या वाळूसाठी राखून ठेवा. दिवसातल्या दोन सुकतींपैकी एक जास्त खोल असते, ती कोणती हे आकड्यांवरून पाहा. मे महिन्यात बहुधा पहाटेची. भांगाच्या दिवसांत पाणी धड जातही नाही, येतही नाही. ते दिवस मिठागर, खाजन (बांध घालून राखलेली खाडीकाठची सखल जमीन) आणि सड्यासाठी, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारासाठी.

दुसरी गोष्ट दिशेची. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सगळे फोटो काढायला येतात संध्याकाळी, कारण सूर्यास्त. पण संध्याकाळी सूर्य पक्ष्याच्या मागे असतो, पक्षी काळा दिसतो. सकाळी तुम्ही समुद्राकडे पाहत उभ्या राहिलात की सूर्य तुमच्या पाठीशी, माडांच्या वरून येतो आणि पाण्याकाठच्या पक्ष्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका पडतो. शिवाय सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे हलकाच वाहत असतो. पक्षी उडताना, उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो. म्हणजे सकाळी तो तुमच्याकडे तोंड करून उतरतो! अकरा-बारानंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटला की तेच पक्षी तुमच्याकडे पाठ करतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन उन्हाळे पाठमोऱ्या पक्ष्यांचे फोटो साठल्यावर ध्यानात आलं. तुमच्या मुलीचे ते दोन उन्हाळे वाचावेत म्हणून इतकं लांबण लावतो आहे.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तिला शापोऱ्याच्या मुखाजवळच्या वाळूच्या दांड्याकडे न्या. तिथे कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी बसतात, त्यांच्या पायाशी लहान चिखल्यांचा थवा असतो. हिवाळाभर हे चिखले राखाडी-पांढरे, वाळूत मिसळून जाणारे असतात. एप्रिलमध्ये त्यांच्या छातीवर विटकरी पट्टा चढायला लागतो, डोळ्यावर काळी पट्टी येते. सगळ्यांना एकदम येत नाही. एकाच थव्यात एक पूर्ण रंगलेला, एक अर्धा, एक अजून तसाच राखाडी. हे पक्षी इथून लडाख आणि तिबेटच्या पठारावर जाऊन अंडी घालतात. बाकदार चोचीचा एक तुतवार असतो, तो पोटापर्यंत विटेसारखा लाल होतो आणि सैबेरियाच्या पार उत्तरेला जातो. दर चार दिवसांनी एकाच थव्याचे फोटो काढून तारखेप्रमाणे शेजारी शेजारी ठेवले की रंग चढत जाताना दिसतो. यासाठी मोठी लेन्स लागत नाही, चिकाटी लागते.

जवळ जायचं कसं? जायचंच नाही. भरती चढत असताना, पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, ओल्या-कोरड्या वाळूच्या सीमेवर पालथं पडायचं. कोपर वाळूत, कॅमेऱ्याखाली एखादी कापडी पिशवी. पाणी चढतं तसे पक्षी मागे सरकत सरकत तुमच्याकडे येतात. वीस मिनिटं हललं नाही तर २५० ची लेन्ससुद्धा भरून जाते. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी वाळूवर पडलेल्या वस्तूसारखा दिसतो, आडवं पडलं की मागचं पाणी धूसर होऊन पक्षी समोरासमोर येतो. थवा सारखा मान वर करून पाहायला लागला, चरायचं थांबला, तर तुम्ही फार जवळ आहात, तिथेच थांबा. एप्रिलमध्ये हे पक्षी हजारो किलोमीटरच्या उड्डाणासाठी अंगात चरबी साठवत असतात. फोटोसाठी थवा उडवायचा, मुलांनी किंवा कुत्र्याने मागे धावायचं, हे मला अगदी सहन होत नाही. प्रत्येक वेळी उडवल्यावर त्यांनी खाल्लेलं थोडं थोडं खर्ची पडतं, आणि सुकतीचे तास मोजकेच असतात.

आता मुलीला पहिल्याच दिवशी करायला देण्यासारखं एक काम. सुकती लागल्यावर ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते, मधोमध एक भोक आणि त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या ओळी. लोक त्यावरून चालत जातात. तिला म्हणावं, एका भोकापासून दोन हातांवर बस आणि हलू नकोस. सुरुवातीला काहीच नसतं. पाच मिनिटांनी भोकाच्या तोंडाशी दोन डोळे येतात. मग नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळूच्याच रंगाचा. दोन्ही नांग्यांनी तो वाळू उचलून तोंडाशी नेतो, कणांना चिकटलेलं सूक्ष्म अन्न काढून घेतो आणि चोथा झालेल्या वाळूची गोळी करून पायांनी मागे ढकलतो. मग एक पाऊल पुढे, पुन्हा घास, पुन्हा गोळी. एक आरी संपली की भोकाकडे परत, आणि नवी आरी. तुमची सावली हलली की एका झटक्यात आत. भरती चढायच्या आधी तो आत जाऊन भोक बुजवतो, आणि पहिली लाट सगळी नक्षी पुसून नेते. दर सुकतीला हे नव्याने होतं. फोटोसाठी कॅमेरा वाळूवर टेकवून, अ‍ॅपर्चर एफ ८, शटर १/५०० सेकंदापेक्षा वेगवान. सूर्य खाली असताना प्रत्येक गोळीची सावली पडते, आठ वाजल्यानंतर ती नक्षी सपाट दिसायला लागते. मोबाइलनेही हा फोटो उत्तम येतो, फक्त पोटावर पडावं लागतं.

खडकांसाठी वागातोर किंवा हणजूण गाठा. द्वितीया ते चतुर्थी, सुकतीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी वळलं की निघायचं. खडकांच्या खळग्यांत पाणी साठतं. त्यात समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे जीव, असतात, दुसऱ्याच्या शंखात संसार मांडलेले खेकडे असतात, कालवांच्या कवचांत लपणारे बोटाएवढे मासे असतात, नशीब असेल तर रंगीत समुद्री गोगलगाय. इथे फोटोची खरी अडचण पाण्यावरच्या चकाकीची. पोलरायझर फिल्टर लावला की चकाकी जाते असं सगळे सांगतात. ते तिरकं पाहिलं तरच. सरळ वरून, पाण्यावर ओणवं होऊन पाहिलं तर पोलरायझर काहीच करत नाही. तो सगळ्यात चांगला चालतो तो उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंश कलून पाहिल्यावर. सरळ खाली पाहून काढायचं असेल तर घरातली काळी छत्री घेऊन जा. एकाने छत्री धरायची, एकाने फोटो काढायचा. छत्रीच्या सावलीत आकाशाचं प्रतिबिंब पडत नाही आणि तळ काचेसारखा दिसतो. माझ्या पिशवीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू ही छत्री आहे.

मे महिन्याच्या दोन-तीन तारखेला गोव्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या सुमारास दुपारी बाहेर काढलेल्या फोटोंत सगळं चपटं दिसतं, तेव्हा दुपार घरात, वहीत नोंदी करण्यासाठी. पण त्या दिवशी अंगणात एक काठी उभी करून तिचा फोटो मात्र काढायला सांगा, वर्षातून दोनदाच जमतं.

खडकांवरचे नियम थोडे कडकच आहेत. शेवाळावर पाय टाकायचा नाही, समुद्राकडे पाठ करायची नाही. दगड उलटून पाहिला तर तो होता तसाच, त्याच बाजूवर ठेवायचा. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात तासाभरात मरतात. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख दिसला तर हात लावायचा नाही, आत जिवंत गोगलगाय असते आणि तिचा डंख विषारी असतो. काही जिवंत घरी आणायचं नाही.

कासवांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मांद्रे आणि मोरजी म्हटल्यावर तो विषय येणारच. ऑलिव्ह रिडले कासविणी थंडीपासून मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस. म्हणून उशिरा घातलेल्या अंड्यांतून एप्रिल-मेपर्यंत पिल्लं निघत राहतात. वाळू जितकी गरम तितक्या त्या खड्ड्यातून माद्या जास्त, हे मुलीला सांगा, ती वाळूकडे वेगळ्या नजरेने पाहील. वनखात्याने कुंपण घातलेली जागा असते आणि तिथे माणूस असतो. त्याला विचारून, तो सांगेल तिथेच उभं राहायचं. हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, मोबाइलचा पडदासुद्धा नाही. पिल्लं पाण्यावरच्या उजळ क्षितिजाकडे जातात. मागे दिवा लागला तर दिवसभराची ताकद चुकीच्या दिशेने चालण्यात संपते. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. तुमच्या पायाचा ओल्या वाळूतला ठसा त्या पिल्लासाठी खड्डा असतो. ते आत उतरतं, चढताना उलटं पडतं. मी एका पहाटे एका टाचेच्या ठशात तीन पिल्लं अडकलेली पाहिली. म्हणून पिल्लांच्या वाटेवर, समुद्राच्या आणि त्यांच्या मध्ये, कधी जायचं नाही. फोटो काढायचाच तर फटफटल्यावर, बाजूने, आडवं पडून. आणि नाही मिळाला तर नाही मिळाला.

भांगाच्या दिवसांत आगरवाड्याच्या मिठागरांवर जा, मांद्र्याहून जवळ आहे. भरतीचं खारं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत सोडत ते आटवतात, आणि शेवटच्या वाफ्यांत मीठ धरतं. हे काम पाऊस येईपर्यंत चालतं, म्हणून हीच वेळ. आधी तिथल्या माणसांना विचारा. चोपून गुळगुळीत केलेल्या तळावर किंवा ओल्या मेरेवर पाय पडला तर त्यांची मेहनत वाया जाते. शेकाट्या, टिलवा, तुतवार वाफ्यांत चरतात, आणि वारा सुटण्याआधी पाणी आरशासारखं असतं. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय आणि त्यांचं प्रतिबिंब दोन्ही चौकटीत राहील इतकी जागा खाली सोडायची. नवखा माणूस नेहमी प्रतिबिंबाचं डोकं कापतो. उजेडाचं माप इथे फसतं. चकाकत्या पाण्यावर आणि मिठावर कॅमेरा चित्र काळपट करतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ पर्यंत वाढवा. काळ्या तिवरांपुढे पांढरा बगळा असेल तर उलट, एकने कमी करा, नाहीतर पिसांचा नुसता पांढरा डाग होतो.

एक दिवस चोडणसाठी ठेवा. रायबंदरहून फेरीबोट घेतली की मांडवीच्या पलीकडे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, १.७८ चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी. सुकतीला जा. चिखलावर निवटे उड्या मारत असतात, पाण्याबाहेर तासन्‌तास राहणारा मासा. तिथल्या एका जातीच्या खेकड्यांत नराची एक नांगी त्याच्या अंगाएवढी मोठी असते, ती तो वर-खाली हलवून मादीला बोलावतो. नशिबाने पाणमांजरं दिसतात. पलीकडच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, खाऱ्या पाण्यात राहायला सरावलेल्या. तिथे पाण्याच्या काठाला बसून फोटो काढायचा नाही, एवढं तिला निक्षून सांगा.

सड्यावरचा एक प्रसंग सांगतो, कारण तुमच्या मुलीनेही घरटी शोधायला सुरुवात करण्याची शक्यता आहे. मी तेव्हा नवा होतो. मे महिन्यात एका कातळ सड्यावर टिटवीची चार अंडी मला सापडली, दगडांत दगडांसारखी. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी पंधरा पावलांवर दगडाआड बसलो, पक्षी परत येईल म्हणून. तो डोक्यावर ओरडत फिरत राहिला. मी वीस-पंचवीस मिनिटं बसलो, आणि मला वाटत होतं की मी अगदी शांत बसलोय, काही त्रास देत नाही. उन्हाळ्यात ऊन चढल्यावर टिटवी अंडी उबवत नाही, ती त्यांना सावली देते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. त्या कातळावर हात ठेववत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने लांबून पाहिलं, पक्षी बसलेला नव्हता. आठवड्याने चारही अंडी तिथेच होती. तो फोटो माझ्याकडे आहे, चांगला आला आहे, आणि मी तो आजवर कुणाला दाखवला नाही. सड्यावर टिटवी ओरडत अंगावर आली तर तुम्ही घरट्याजवळ आहात असं समजा आणि आलात त्या वाटेने मागे फिरा. घरट्याचा पत्ता, फोटोतली जागा इंटरनेटवर टाकायची नाही. एकाच्या मागून वीस जण येतात.

सामानाबद्दल थोडंसं. नवी लेन्स आत्ता घेऊ नका. नऊनंतर तापलेल्या वाळूवरून हवा थरथरायला लागते, आणि लांबच्या पक्ष्याचा फोटो कितीही महागड्या लेन्सने काढला तरी पाण्यातून पाहिल्यासारखा येतो. मोठी लेन्स ती थरथरसुद्धा मोठी करते. उपाय एकच, लवकर जाणं आणि जवळ असणं. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसायचा, मग कोरड्याने. खाऱ्या हवेचा थर नुसत्या कोरड्या फडक्याने निघत नाही, घासला जातो. एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढताना अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. पावसाळ्यात त्याला बुरशी लागते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवायचा आणि जेल रंग बदललं की गरम करून वाळवायचं. माझी एक चांगली लेन्स एकाच पावसाळ्यात गेली. कपाटात, कातडी पिशवीत ठेवली होती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळं बदलतं, आणि हा आठवडा तिने चुकवू नये. दुपारी पूर्वेला ढग चढतात, पावशा दिवसभर ओरडतो, लाटांची लांबी वाढते, पाणी गढूळ होतं. होड्या वर ओढून माडाच्या झावळ्यांनी शाकारायला सुरुवात होते, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. गोव्यात पाऊस साधारण ५ जूनला पोचतो. त्याआधी जोराचा वारा सुटला तर खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर ढकलले जातात, जे एरवी कधी दिसत नाहीत. वाळूवर थकून बसलेला असा पक्षी दिसला तर लांबूनच एक-दोन फोटो घ्यायचे, कुत्री दूर ठेवायची आणि वनखात्याला कळवायचं. वीज चमकायला लागली की तिपाई मिटून घरी, त्यात वाद नाही.

आणि एक काम पहिल्या दिवसापासून चालू ठेवायला सांगा. किनाऱ्यावरचा एक पक्का दगड निवडायचा, त्यावर कॅमेरा टेकवून एकाच दिशेने, एकाच रुंदीचा फोटो दर द्वितीयेला सुकतीच्या वेळी काढायचा. मग तारीख, तिथी, वारा कुठून आहे, वाळूवर पसरणारी मर्यादवेल कुठपर्यंत आली आहे, एवढंच वहीत लिहायचं. एप्रिलमध्ये वाळू जवळजवळ हलत नाही, फोटो सारखेच येतात, आणि तिला कंटाळा येईल. तेव्हा थांबू देऊ नका. मेच्या शेवटी मोठ्या लाटा लागल्या की तीच वाळू समुद्र आत ओढायला लागतो. माझ्या दगडाचा जो भाग एप्रिलमध्ये वाळूखाली गुडघाभर गाडलेला असतो तो जूनच्या मध्यावर उघडा पडतो, आणि त्यावर गेल्या पावसाळ्यातल्या कालवांची पांढरी कवचं दिसतात. तुम्ही बहुधा तोवर परत गेलेल्या असाल. माहेरी कुणी असेल तर तो शेवटचा फोटो त्यांच्याकडून मोबाइलवर मागवून घ्या, फक्त कॅमेरा कुठे टेकवायचा ती जागा खडूने खूण करून ठेवा, आणि खूण पाण्याच्या वर करा.